तक्रार निवारण अधिकाऱ्याचा बडग्या

नागपूर, १४ जुलै

गौरांग,

पाकिटावर तुझं पूर्ण नाव लिहिताना लक्षात आलं, की ते मी बहुधा पहिल्यांदाच लिहितो आहे. आमच्या गल्लीत तू मुन्ना. अनंतरावांचा भाचा मुन्ना, एवढीच ओळख. तुझं आडनाव पोतनीस आहे हे घराबाहेर कुणाला ठाऊक असायचं कारण नव्हतं. बारावीनंतर पुण्याला गेलास तोही मुन्ना म्हणूनच. याचा पुढच्या मजकुराशी संबंध आहे, म्हणून आधी लिहून ठेवतो.

माझा नंबर तू बंद करून ठेवला आहेस, म्हणून कागद घेतला. भांडायला नाही. ज्या कंपन्यांच्या जिवावर मला घरबसल्या औषधं मिळतात त्यांच्याविरुद्ध मी लेख लिहितो, हे तुला पटलं नाही. मला अजूनही त्यात विसंगती वाटत नाही. रेल्वेनं प्रवास करणाऱ्यानं रेल्वेबद्दल तक्रार करू नये, असं कुणी म्हणत नाही. पण ते राहू दे.

देवाजींची कामिनी तुला आठवत असेल. दहावीपर्यंत तिची राखी तुझ्या हातावर असायची. लग्न मोडून ती वडिलांकडे परतली त्याला बरीच वर्षं झाली. अलीकडे ती स्कूटरवर पार्सलं पोचवायचं काम करत होती, तू नोकरी करतोस त्या 'लगबग' कंपनीसाठी. देवाजी गांधीबागेतल्या कापडाच्या दुकानात होते, ते गुडघ्यांमुळे सुटलं. घर तिच्यावर चालतं. एप्रिलमध्ये एका सकाळी ती उठली तर अर्धा चेहरा लुळा पडलेला. ओठ एका बाजूला ओघळला होता, एक डोळा मिटत नव्हता. डॉक्टरांनी सांगितलं, चेहऱ्याची नस सुजली आहे, काही महिन्यांत उतरेल, काम करायला हरकत नाही. ती कामावर गेली. तुमच्या ॲपला काम सुरू करण्याआधी रोज तोंडाचा फोटो लागतो. त्या फोटोत ॲपनं तिला ओळखलं नाही. तिनं पुन्हा फोटो काढला, पुन्हा काढला. मग पडद्यावर आलं, की या खात्यावर दुसरीच व्यक्ती काम करत आहे, सबब खातं कायमचं बंद.

तिनं हेल्पलाइन लावली. तिथे यंत्र बोलतं. तुमच्या मिहानजवळच्या गोदामात गेली, तिथल्या सुपरवायझरनं तिला ओळखलं, चहा पाजला आणि सांगितलं, "ताई, आयडी आमच्या हातात नाही." कोणाच्या हातात आहे हे त्यालाही ठाऊक नव्हतं. मग कुणीतरी सांगितलं, की कायद्यानं कंपनीला एक तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो, त्याच्या मेलवर लिही. तिनं लिहिलं. डॉक्टरांचा कागदही जोडला. लगेच उत्तर आलं. उत्तर तिनं मला दाखवलं, म्हणून शब्द माझ्याकडे आहेत: "प्रिय भागीदार, आपली तक्रार काळजीपूर्वक तपासून निकाली काढण्यात आली आहे. आपला, गौरांग पोतनीस, तक्रार निवारण अधिकारी."

मी तिला फोन परत दिला.

पलीकडच्या गल्लीतली नूपुर आता वकिली करते. तिनं करार वाचला. त्या करारानुसार कामिनी कामगार नाही आणि ग्राहकही नाही. ती 'स्वतंत्र भागीदार' आहे. वाद झालाच तर तो लवादापुढे, परराज्यात, इंग्रजीत. म्हणजे अर्धा चेहरा लुळा पडलेल्या भागीदारानं दुसऱ्या भागीदाराला भेटायला रेल्वेनं जायचं आणि परभाषेत भांडायचं. नूपुर म्हणाली, अशी कलमं मोडता येतात, पण मोडायला वेळ लागतो, आणि तो वेळ कंपनीकडे आहे, कामिनीकडे नाही.

आता मुख्य गोष्ट. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इडापिडा नेणाऱ्या मारबतीची मिरवणूक निघते आणि तिच्यामागे मोहल्ल्यामोहल्ल्यांचे बडगे. वर्षभर ज्यानं लोकांना छळलं त्याचा पुतळा करायचा, वाजतगाजत मिरवायचा, शहराबाहेर नेऊन जाळायचा. हे तुला सांगायला नको. लहानपणी तू देवाजींच्या बडग्याचे कागद डकवायला पिठाची चिक्की लावत बसायचास. या वर्षी गल्लीच्या मंडळानं ठरवलं, बडग्या 'लगबग'चा. देवाजी बांबू तासायला बसले आणि अडले. कंपनीचा पुतळा करायचा म्हणजे काय करायचं? कुणी म्हणालं, मोठा मोबाईल करा. देवाजी म्हणाले, "मोबाईल तं सगळ्यायच्याच खिशात हाय. त्याले काहून जाळाचं? मले माणूस पाहिजे."

मंडळाचा अध्यक्ष गोलू, त्याचं फॉल-पिकोचं दुकान आहे, त्यानं कंपनीची सगळी साइट पालथी घातली. हसणाऱ्या पोरापोरींचे फोटो भरपूर, पण माणसाचं नाव एकच सापडलं. ते तुझं. गोलूच्या लेखी गौरांग पोतनीस हा पुण्याचा कुणी साहेब आहे. घोषणा नेहमीप्रमाणे मी लिहायच्या आहेत.

कामिनीचं खातं उघडून दे, किंवा निदान तिला फोन कर. एवढ्यासाठी हे पत्र.

मामा

नागपूर, २८ जुलै

गौरांग,

तुझा फोन आला, बरं वाटलं. तुझा आवाज आता तुझ्या आईसारखा, ताईसारखा ऐकू येतो. हे तिथल्या तिथे सांगायचं राहिलं.

तू जे बोललास ते मी नीट समजून घेतलं आहे की नाही, हे पाहण्यासाठी इथे लिहितो. चूक असेल तर कळव. कायद्याला देशात राहणारा, नाव-पत्ता असलेला अधिकारी हवा. कंपनीनं तुला विचारलं, तू हो म्हणालास, कारण ते पद बढतीच्या वाटेवर होतं. तुझं खरं काम गोदामांच्या वेळापत्रकाचं. तक्रारींचे मेल तुझ्यापर्यंत येतच नाहीत. एक प्रणाली ते वाचते, वर्गवारी करते आणि तुझ्या नावानं उत्तर पाठवते. ज्या मेलमध्ये पार्सलचा क्रमांक नसेल ते आपोआप निकाली. खाती उघडणं-बंद करणं दुसऱ्याच एका कंत्राटी कंपनीकडे आहे. तू एका खात्याबद्दल विचारलंस तर तूच का विचारतो आहेस, अशी चौकशी होईल. नात्यातलं प्रकरण निघालं तर ते तुमच्या नियमांत बसत नाही.

हे सगळं तू शांतपणे सांगितलंस आणि मला ते खरं वाटलं. म्हणजे ज्यानं तिला काढलं तो कुणी माणूस नाही, ज्यानं उत्तर दिलं तोही माणूस नाही, आणि ज्या माणसाचं नाव खाली आहे त्याला दोन्ही गोष्टी ठाऊक नाहीत. वर्तमानपत्रात अंकाच्या शेवटी संपादकाचं नाव छापावं लागतं. बातमी खोटी निघाली तर समन्स त्या नावावर येतं, मग त्यानं ती बातमी वाचली असो वा नसो. माझे तिघे संपादक त्या ओळीपायी कोर्टाची पायरी चढले आणि एकानंही 'ते नाव फक्त कायद्यापुरतं आहे' असं न्यायाधीशाला सांगितलं नाही. ते फार थोर होते असं नाही. तसं सांगण्याची सोय नव्हती, एवढंच.

तू म्हणालास, गोलूला सांगून नाव काढायला लाव. मी त्याला काय सांगू? तो माझा भाचा आहे, म्हणून नको? मग पुढच्या वर्षी नगरसेवकाच्या भाच्याचं नाव काढायलाही नाही म्हणता येणार नाही. कामिनीला आणि मंडळाला तू कोण हे मी अजून सांगितलेलं नाही. तुझी सोय पाहिली, की माझी, हे मी तपासत बसलेलो नाही.

तिच्याशी बोलण्याचं तू टाळलंस. नियमांत बसत नाही म्हणालास. राखी बांधणाऱ्या मुलीला फोन करू नये असा नियम तुमच्या कंपनीनं केला असेल असं वाटत नाही, पण मी तो दस्तऐवज पाहिलेला नाही.

देवाजींच्या बडग्याचा सांगाडा उभा राहिला. उंची नेहमीपेक्षा जास्त आहे. अंगात गांधीबागेतल्या चिंध्या भरल्या आहेत, डोकं अजून व्हायचं आहे.

मामा

नागपूर, १० ऑगस्ट

गौरांग,

इथे दोन गोष्टी घडल्या. एक तुला ठाऊक असावी.

गोलूनं अर्धवट बडग्याचा व्हिडिओ करून इंटरनेटवर टाकला. छातीवर पाटी, पाटीवर तुझं नाव आणि हुद्दा. तो बराच फिरला. गोदामातल्या पोरांनी एकमेकांना पाठवला असेल. मग शुक्रवारी मंडळाच्या नावे रजिस्टर पोस्टानं वकिलाची नोटीस आली. पत्ता बिनचूक, अगदी 'मारुतीच्या मंदिरामागे' इथपर्यंत. गोलू ती घेऊन माझ्याकडे आला तो खुशीत होता.

"काकाजी, कंपनीले आपला पत्ता सापडला. कामिनीताईले इतके महिने त्यायचा फोन नंबर नाही सापडला गा, आन् त्यायले आपलं मंदिर सापडलं."

नोटीस इंग्रजीत होती. मी त्याला मराठीतून सांगत गेलो. पुतळा नष्ट करा, व्हिडिओ काढा, माफी मागा, नाही तर अब्रुनुकसानीचा दावा. मंडळातल्या जबाबदार व्यक्तीचं नाव कळवा, असंही होतं. गोलू म्हणाला, "लिवून द्या, तक्रार काळजीपूर्वक तपासून निकाली काढली."

मी ते लिहून दिलं नाही. पण नोटिशीतला एक परिच्छेद मी त्याला सांगितला नाही, तो तुला सांगतो. अब्रू गेली असं म्हणायचं तर आधी अब्रू होती हे दाखवावं लागतं. म्हणून तुमच्या वकिलानं लिहिलं आहे, की श्री. पोतनीस हे अत्यंत दक्ष अधिकारी असून ते आलेली प्रत्येक तक्रार स्वतः वाचतात आणि स्वतः निर्णय घेतात.

संध्याकाळी नूपुरला वाचून दाखवलं. तिनं चहाचा कप खाली ठेवला. ती म्हणाली, "काका, हे वाक्य त्यांनी लिहायला नको होतं." तिच्या मते आता दोनच शक्यता उरतात. हे वाक्य खरं असेल तर एका आजारी बाईची तक्रार अधिकाऱ्यानं वाचली, डॉक्टरांचा कागद पाहिला आणि तरी तिला बाहेर ठेवलं. खोटं असेल तर कायद्यानं नेमायचा अधिकारी कंपनीनं नेमलेलाच नाही, नुसतं नाव लावलं आहे. पहिली शक्यता तुझ्या अंगावर येते, दुसरी कंपनीच्या. आणि कंपनीनं, तुझी अब्रू राखण्याच्या निमित्तानं, पहिली लेखी मान्य करून टाकली आहे.

तुला हे कुणी दाखवलं होतं का, मला माहीत नाही. दाखवलं नसेल तर नोटिशीची प्रत सोबत आहे. दाखवलं असेल, तर पुन्हा एकदा वाच. मी आयुष्यभर दुसऱ्यांचा मजकूर तपासला आहे. कुणाला कुठे उभं केलं आहे ते मला बहुधा कळतं. तुला वाचवायला म्हणून जे लिहिलं आहे, त्यात तुलाच पुढे उभं केलं आहे.

दुसरी गोष्ट किरकोळ आहे. काल राखी होती. कामिनी आली, बसली. तिचा चेहरा आता पुष्कळ सुधारला आहे, हसली तरच थोडं जाणवतं. देवाजींना वाटलं होतं, चेहरा सरळ झाला म्हणजे ॲप तिला परत घेईल. पण खातं बंद झाल्यावर ते फोटो मागतच नाही. जाताना तिनं विचारलं, "मुन्नाचा पुण्याचा पत्ता तोच हाय का काकाजी?" मी हो म्हटलं. पुढे विचारलं नाही.

मामा

नागपूर, १८ ऑगस्ट

गौरांग,

काल मंडळाची बैठक झाली, देवाजींच्या अंगणात. विषय नोटीस. गोलूचं म्हणणं, आता पाटीवरची अक्षरं दुप्पट करायची. दोघाचौघांना कोर्टाची भीती वाटत होती. नूपुरनं सांगितलं, की भीती वाजवी आहे, पण प्रमाणात बाळगा. देवाजी बडग्याचं तोंड रंगवत होते. फोटो नव्हता म्हणून त्यांनी आपल्या मनानं साहेब केला आहे, गोरा, गालफुगा, जाड मिशीचा.

कामिनी आतून आली आणि उंबऱ्याशी उभी राहिली.

"गोलू, ते नाव मुन्नाचं हाय."

"कोण मुन्ना?"

"अनंतकाकाजीचा. आपला."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी हो म्हटलं.

गोलू म्हणाला, "तुमाले माहीत होतं? आन् तुमी घोषणा लिवून राहिले होते?"

"अजून लिहिल्या नव्हत्या," मी म्हटलं. मागे कुणीतरी हसलं.

देवाजींनी ब्रश खाली ठेवला. ते पुतळ्याकडे वळले. मग म्हणाले, "मुन्नाले तं मिशीच नव्हती. मी कायले लावली?"

मला वाटत होतं, की हे नाव कुणाचं ते फक्त मला ठाऊक आहे, आणि एक महिना मी त्या ओझ्याला बरंच महत्त्व दिलं होतं. कामिनीला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. तुझ्या शाळेच्या वह्यांना ती आणि ताई मिळून कव्हरं घालायच्या. नाव तीच लिहायची. ती बोलली ते मी जमेल तसं तिच्या शब्दांत देतो.

"पहिला मेल कराले गेली तं खाली नाव दिसलं. मले वाटलं, चला, आपलाच माणूस हाय. मंग तक्रारीसारखं कायले लिवू? सरळ मुन्नालेच लिवलं. कसा हाय, इकडं काय चाललंय, मले काय झालं. उत्तर आलं, तक्रार निकाली. मले वाटलं, घाईत असंन. पुन्हा लिवलं. पुन्हा तेच. प्रत्येक बारी तेच, आन् खाली त्याचं नाव. मंग मले वाटलं, मोठा झाला थो. ओळख नको असंन."

लक्षात येतं ना काय झालं? पार्सलचा क्रमांक घातला असता तर निदान प्रणालीनं तिला एखाद्या रांगेत उभं केलं असतं. तिनं घरचं लिहिलं. तुझ्या नावावर विश्वास ठेवला, म्हणून तिचा एकही मेल कुठेच पोचला नाही. तुमच्या प्रणालीत चूक कुठे आहे असं विचारलं तर इंजिनियर म्हणतील, चूक नाही, वापरणारीनं चुकीचा मजकूर भरला. तेही मला खरंच वाटेल.

गोलू चिडला होता. म्हणाला, मग तर नाव ठेवायलाच पाहिजे, परका असता तर सोडून दिला असता. दोघे त्याच्या बाजूनं बोलले. मला कुणी विचारलं नाही, ते बरं झालं.

कामिनी म्हणाली, "नाव काढ गोलू. त्यानं वाचलं का नाही वाचलं, थे मले माहीत नाही. माहीत झाल्याबिगर मी कोणाले जाळत नाही."

एवढी चौकशी तिच्या वाट्याला आली नव्हती. मी बैठकीत हे बोललो नाही, तुला लिहितो आहे. मेल तुझ्यापर्यंत येत नाहीत हेही मी तिला सांगितलं नाही, ते तूच सांगायला हवंस.

पाटी रिकामी राहिली. तेव्हा नूपुर म्हणाली, नोटिशीतलं एक वाक्य वापरता येईल, ते कंपनीचंच आहे, त्यावर अब्रुनुकसानी लागणार नाही. मला ते मराठीत करायला सांगितलं. मी केलं. देवाजींनी ओल्या फडक्यानं मिशी पुसली, पण रंग पूर्ण निघाला नाही.

मामा

नागपूर, २४ ऑगस्ट

गौरांग,

काल मारबत झाली. पाऊस नव्हता, गर्दी नेहमीसारखी. आपला बडग्या हातठेल्यावर होता, सूटबूट घातलेला, बिननावाचा, आणि छातीवर पाटी: "आम्ही प्रत्येक तक्रार स्वतः वाचतो." मी लिहिलेल्या घोषणांना इतक्या वर्षांत असा हशा मिळाला नव्हता. पाटी वाचून लोक आपापल्या तक्रारी ओरडून सांगायला लागले. कुणाचं वीजबिल, कुणाचा बँकेतला अडकलेला अर्ज, एकाचं रद्द झालेलं तिकीट. एक म्हातारी ठेल्याजवळ येऊन पुतळ्याला तिच्या सिलिंडरचं सांगत होती, शांतपणे, सविस्तर. 'घेऊन जा गे मारबत'च्या गजरात तिचं पुढचं ऐकू आलं नाही. व्यवस्थित सुटाबुटातला माणूस समोर दिसला की लोक अजूनही बोलून पाहतात. कामिनी ठेल्यामागे चालत होती. जाळायला ती थांबली नाही, घरी गेली.

आदल्या दिवशी तू मला फोन करून नाव काढलं का विचारलंस. काढलं, म्हटलं. कुणी, विचारलंस. कामिनीनं, म्हटलं, आणि तिला पहिल्यापासून ठाऊक होतं हेही सांगितलं. त्यावर तू तिचा नंबर मागितलास. फोन ठेवल्यावर मला वाटलं, आता मला पुढे लिहायची गरज उरणार नाही.

आज सकाळी ती आली आणि तुमचं काय बोलणं झालं ते तिनं सांगितलं. तिच्या बाजूनं लिहितो, तुझी बाजू वेगळी असेल तर असो. तू तिची प्रकृती विचारलीस. मग सांगितलंस, की खातं उघडायची व्यवस्था झाली आहे, सोमवारपासून काम सुरू करता येईल. फक्त एका कागदावर सही हवी. कंपनीविरुद्ध काही तक्रार नाही, पुढे करणार नाही, झाल्या गोष्टीबद्दल कुठे बोलणार नाही आणि नोटिशीचा वापर करणार नाही.

देवाजींनी तिला सही कर म्हणून सांगितलं होतं. नूपुरनंही सांगितलं, की काम परत मिळणं ही लहान गोष्ट नाही, सही केलीस तर तुला कुणी नावं ठेवणार नाही. मलाही तेच वाटलं आणि मी तसं म्हटलं.

पण तिनं तुला एक विचारलं होतं: "मुन्ना, माझे मेल तू वाचले होते का नाही?"

तू म्हणालास, ते आता लीगल टीम बघते आहे.

"काकाजी," ती मला म्हणाली, "मुन्ना बोलून राहिला का कंपनी बोलून राहिली, थेच मले समजलं नाही. मी ठेवून देल्ला फोन."

सही ती करणार नाही. सोमवारपासून ती गांधीबागेतल्या एका ठोक व्यापाऱ्याचे गठ्ठे स्कूटरवर पोचवणार आहे. मिळकत कमी, पण तो सकाळी तोंड पाहून ओळखतो. नूपुर दिवाणी कोर्टात जाते आहे. करार काहीही म्हणो, खोटेपणाचा ठपका ठेवून कुणाला न ऐकता काढता येत नाही, असा तिचा मुद्दा. कंपनी म्हणेल, ऐकलं होतं, आमचे अधिकारी प्रत्येक तक्रार स्वतः वाचतात. मग सगळी केस त्या एका वाक्यावर उभी राहील, आणि ते वाक्य खरं की खोटं हे शपथेवर सांगू शकेल असा जगात एकच माणूस आहे.

तू काय करावंस हे मी सांगणार नाही. तुझ्या घराचे हप्ते आहेत, मुलीची शाळा आहे, हे मला दिसतं. एवढंच सांगतो, की तू गप्प राहिलास तर कंपनीची काहीच अडचण होणार नाही. नूपुर म्हणते, एक ओळ पुरे आहे, सही आणि तारखेसह.

मामा

नागपूर, ११ सप्टेंबर

गौरांग,

तुझं पाकीट पोचलं. आतलं प्रतिज्ञापत्र नूपुरला त्याच दिवशी दिलं. तिनं दोनदा वाचलं आणि म्हणाली, एक ओळ मागितली होती, त्यानं पानभर दिलं. पहिल्या मेलपासून शेवटच्यापर्यंत एकही तू पाहिला नव्हतास, उत्तरं तू लिहिली नव्हतीस, आणि नोटिशीतलं वाक्य तुला न विचारता लिहिलं गेलं, हे तू स्पष्ट लिहिलं आहेस. ते कोर्टात दाखल झालं. तारीख पडली आहे, निकाल कधी आणि काय, हे नूपुरही सांगत नाही. मीही आशा लावून बसलेलो नाही. अशा कंपन्या हरल्या तर करारातलं एक कलम बदलतात.

सोबतच्या चिठ्ठीत तुझ्या नोकरीबद्दल दोन वाक्यं आहेत. एकात तू सोडली आहेस, दुसऱ्यात तुला सोडायला सांगितलं आहे. माझी सवय म्हणून खूण केली, दुरुस्ती केली नाही. गोलूनं साइट पाहिली. तक्रार निवारण अधिकारी म्हणून आता दुसरं नाव आहे, कुणा बाईंचं. गोलू म्हणाला, "याही बाईले कोणाची तं गल्ली असंन." तुझ्याबद्दल त्याचं मत अजून पक्कं झालेलं नाही. दिवाळीला आलास तर होईल.

प्रतिज्ञापत्र कामिनीला तिच्या घरी जाऊन वाचून दाखवलं. देवाजी खाटेवर बसून ऐकत होते. 'मी एकही मेल पाहिला नव्हता' या वाक्याशी तिनं मला थांबवलं आणि ते पुन्हा वाचायला सांगितलं. मी वाचलं. मग ती उठून आत गेली, चहा ठेवला आणि तो उकळेपर्यंत बाहेर आलीच नाही. देवाजी म्हणाले, "म्हंजे पोट्टा वाईट नाही निघाला." आतून ती म्हणाली, "चांगला निघाला असंही नाही म्हटलं मी."

संध्याकाळी ती माझ्याकडे आली ती एक लिफाफा घेऊन. चौकातल्या झेरॉक्सवाल्याकडून तिनं सगळे मेल छापून आणले आहेत. फोनवरून पाठव म्हटलं, तर म्हणाली, फोनवर पाठवलं तर पुन्हा दुसरंच कोणी उत्तर देईन.

लिफाफा उघडाच होता आणि ती वाचा म्हणाली, म्हणून मी वरवर चाळलं. पहिल्या काही मेलमध्ये तिच्या चेहऱ्याचं आहे. आरशात न पाहता वेणी कशी घालायची हे ती कशी शिकली, ते आहे. नंतरचं बरंचसं ताईबद्दल आहे. ताई वारण्याआधीच्या शेवटच्या महिन्यांत तू येऊन गेलास की ती कामिनीशी काय बोलायची, ते. त्यातलं पुष्कळसं मलाही ठाऊक नव्हतं. एका ठिकाणी मी थांबलो आणि पुढचं वाचलं नाही, कारण ते तुला लिहिलेलं होतं.

ते कागद या पत्रासोबत आहेत, तारखेप्रमाणे लावून. तिला विचारलं, त्याला काय लिहू? ती दारात चपला घालत होती.

"उत्तर नको म्हणा. निस्तं वाच म्हणा."

मामा